दाराशेजारची खाट

बाबा दाराशी झोपायचे. मुलुंडला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा त्यांच्यासाठी हौसेने पलंग आणला होता. तो पुढे वाळलेले कपडे टाकायच्या कामी आला. जेवणं झाली की बाबा हॉलमध्ये मुख्य दारापाशी, दार उघडण्यापुरती जागा सोडून, पथारी टाकायचे आणि पडल्या पडल्या घोरायला लागायचे. सकाळी दूधवाला कडीला पिशवी अडकवायचा तेव्हा घरात सगळ्यात आधी त्यांना जाग यायची.

ही सवय परळच्या चाळीतली. कोकणातून गिरणीत आलेली माणसं एकेका खोलीत दाटीवाटीने राहायची, तेव्हा झोपायच्या जागा ठरलेल्या असत. बायका-पोरं आत, म्हातारं माणूस मोरीच्या जवळ आणि थोरला दाराशी. चोर येवो, दारुडा येवो, नाहीतर गावाहून वाईट बातमीची तार येवो, ती आधी थोरल्याच्या अंगावर यायला हवी. आजोबा लवकर गेल्यामुळे बाबा मिसरूड फुटायच्या आधीच घरातले थोरले झाले. पुढे गिरणी बंद पडली, चाळ पाडली, तारा येणंसुद्धा थांबलं, पण बाबा दाराशीच. आई होती तोवर म्हणायची, "चोर आला तर आधी यांच्या पायावर अडखळून पडेल, आणि हेच उठून त्याला विचारतील, फार लागलं तर नाही ना?"

आईचा आणखी एक नियम होता, झोपलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही. त्यामुळे मला ऑफिसातून यायला उशीर झाला की मी लॅचची किल्ली फिरवून दार किलकिलं करायचे आणि फटीतून म्हणायचे, "बाबा, पाय." ते झोपेतच पाय आखडून घ्यायचे. मी आत गेले की पाय पुन्हा लांब. एवढ्या वर्षांत यासाठी ते कधी पूर्ण जागे झाले असतील असं मला वाटत नाही.

घरात आम्ही चौघं. बाबा, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा काका, काकी आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका-काकींना मूल नाही आणि मी लग्नाच्या फंदात पडले नाही, त्यामुळे घरातली एकुलती एक लेक दोन्हीकडून मीच. काका छापखान्यात होता, तो बाबांहून चांगला दहाएक वर्षांनी लहान. तोही निवृत्त झाला, त्याचेही केस गेले, तरी बाबा त्याला "बाळा" म्हणायचे आणि ताटातला माशाचा मधला तुकडा उचलून त्याच्या ताटात टाकायचे. मागून बघितलं तर दोघे सारखेच दिसत. तोच बसका खांदा, तीच चाल. बिल्डिंगचा वॉचमन कायम घोटाळा करायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघांना ताप आला. सगळं आयुष्य जोडीने काढलं तसा तापही जोडीनेच आणला. चार दिवस घरी काढे झाले, वाफा झाल्या, मग बोटाला लावायच्या त्या मशीनवरचा आकडा दोघांचाही जरासा घसरला आणि मी घाबरले. त्या दिवसांत रुग्णालयात एक खाट मिळवायची तर देव आठवायचे. आम्हाला आमच्याच भागातल्या एका छोट्या रुग्णालयात दोन मिळाल्या, त्याही शेजारी शेजारी. बिल्डिंगमध्ये लोकांनी माझं अभिनंदन केलं. आता आठवलं की कसंतरीच होतं, पण केलं खरं.

आत कुणाला सोडत नव्हते. खाली गेटवर एका बाईने मला सांगितलं की काकाची खाट दाराशेजारची आणि बाबांची आतली, भिंतीकडची. मी दोघांच्या पिशव्यांवर मार्करने तसं लिहिलं, "दार" आणि "भिंत", म्हणजे बाबांचे दात काकाकडे आणि काकाचा चष्मा बाबांकडे जायला नको. मला वाटलं मी फार हुशारी केली.

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईचा फोन आला. वयाने माझ्याहून लहान असावी, आवाज बसलेला. तिने मला समजावून सांगितलं की आता दोघांच्या रक्ताच्या काही वेगळ्या तपासण्या करणार आहोत. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, अशी नावं. शरीरात आतून किती आग पेटली आहे, रक्त गोठायला लागलंय का, ते त्यातून कळतं. मी म्हटलं, पण दोघे तर बरे दिसताहेत, ऑक्सिजनही ठीक आहे. ती म्हणाली, "ऑक्सिजन आज कसा आहे ते बोटावरून कळतं. उद्या कोण खाली जाणार, याचा अंदाज रक्तावरून येतो. हा आजार माणसाला हसत-बोलत ठेवतो आणि मग एकदम पाडतो."

मला तोवर हे शब्द पाठ झाले होते. सगळ्यांनाच झाले होते. दहावीच्या निकालाच्या दिवशी मार्क विचारावेत तसे लोक बिल्डिंगच्या ग्रुपवर एकमेकांचे डी-डायमर विचारत होते. ज्याचा कमी तो सांगून मोकळा व्हायचा, ज्याचा जास्त तो ग्रुपवर दिसेनासा व्हायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर आपला रिपोर्ट फोटो काढून टाकला आणि खाली लिहिलं, "देवाची कृपा." मी मनात म्हटलं, देवाला काय तुझं फेरिटिन मोजायचंच काम आहे?

दुपारी रिपोर्ट आले. बाबांचे आकडे थोडे वर, पण काळजीचं नाही. काकाचे मात्र वाईट. डॉक्टरीणबाईने एकेक आकडा वाचून दाखवला. तिने सांगितलं की आज बरे दिसत असले तरी काकांना इथे ठेवून चालणार नाही. वरच्या मजल्यावर, जिथे चोवीस तास लक्ष असतं तिथे हलवतो, स्टिरॉइड आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं आत्ताच सुरू करतो. वर एकच खाट रिकामी आहे, ती त्यांना देतो.

काकी ओट्याशी उभी होती. मी काही बोलायच्या आधीच तिला कळलं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि देवाजवळ न जाता गॅलरीत जाऊन उभी राहिली, पाठ आमच्या घराकडे. तिला मी काय काय सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की तिची समजूत घालताना माझ्या पोटात कुठेतरी हायसं वाटत होतं, की बाबा तरी ठीक आहेत. एकाच घरात, एकाच वेळी, एक बाई मोडून पडलेली आणि दुसरी सुटलेली. मला त्याची लाज वाटली, पण हायसं वाटायचं काही थांबलं नाही.

संध्याकाळी बाबांशी व्हिडिओ कॉल झाला. ते उठून बसले होते आणि मोसंबं सोलत होते. बाळाला वर नेलंय, तर त्याच्या डब्यात काकीला सांगून मऊ भात दे, म्हणाले. इथले पोहे म्हणजे भिजवलेला पुठ्ठा. शेजारच्या रिकाम्या खाटेवर कुणी नवा माणूस आलाय, तो रडतोय, त्याला मोसंब्याची फोड दिली तर घेत नाही. मी हसले. बाबांच्या डोक्यामागे एक दार सारखं उघडत होतं, मिटत होतं आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं आत-बाहेर करत होती. मी ते दार बघत होते आणि बघूनही मला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरून काकाचा कॉल आला. मी धीर गोळा करून उचलला. काकी माझ्या खांद्याला धरून उभी. पडद्यावर काका मांडी घालून बसलेला, नाकात नळी, चेहरा लालबुंद, पण आजाराने नव्हे, रागाने. काका चिडला की मालवणीवर येतो.

"माका हयसर कित्याक हाडल्यानी गो? माका काय एक होणा नाय."

मी त्याला सांगितलं की तुझं रक्त बरोबर आलं नाही, म्हणून वर आणलंय, गप्प पडून राहा. तो आणखी तापला. कसलं रक्त, म्हणाला, तो रक्त घ्यायला आलेला माणूस धड बघत पण नव्हता, त्याच्या चष्म्यावर सगळी वाफ. आडनाव पुकारलं, आम्ही दोघांनीही हो म्हटलं. मग तो आधी दाराशी दादाकडे गेला आणि नंतर भिंतीकडे माझ्याकडे आला.

मला वाटलं तापात बरळतोय. मी म्हटलं, "काका, उलटं सांगतोयस. दाराशी तू होतास."

"दादान झोपाक दिल्यान तर मां," काका म्हणाला. "दाराशी मी, तू आत जा, म्हटल्यान दादान. पयल्याच रात्री."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. काका बोलत होता, त्याचे ओठ हलत होते. मला फक्त ते दार दिसत होतं, मोसंबं सोलणाऱ्या बाबांच्या डोक्यामागे उघडणारं आणि मिटणारं.   काकीने फोन माझ्या हातातून घेतला आणि ती मला विचारत राहिली, काय झालं, काय झालं, आणि मला तिला सांगता येईना. कारण मी जे सांगणार होते ते तिच्यासाठी चांगलं होतं.

झालं होतं ते असं. पहिल्या रात्री बाबांनी बघितलं की धाकटा भाऊ दाराशी आणि आपण आत. ते त्यांना झोपू देईना. त्यांनी काकाला उठवलं, पिशव्यांची अदलाबदल केली आणि दाराशेजारी जाऊन पडले. खाटांच्या डोक्यावर भिंतीला नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्या हलवायचं कुणाच्या डोक्यात येणार? सकाळी रक्त घेणाऱ्याने चिठ्ठी वाचून बाटल्यांवर नावं लावली. संध्याकाळी वर न्यायला आलेल्याने मात्र पूर्ण नाव पुकारलं. काकाने शाळेतल्यासारखा हात वर केला आणि गेला. नंतर एका नर्सला चिठ्ठ्या चुकलेल्या दिसल्या, तिने बाबांची चिठ्ठी आणून बाबांच्या डोक्यावर लावली. खाटेची चूक दुरुस्त झाली, रक्ताची राहिली.

मी डॉक्टरीणबाईला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मी एरवी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले की सेक्रेटरी पाणी मागवतो.  त्या दिवशी मी एवढंच म्हणू शकले की तुम्ही चुकीचा भाऊ वर नेला. तिने आधी मला शांत व्हायला सांगितलं, घरच्यांना असं वाटतं, म्हणाली. मग मी खाटांची गोष्ट सांगितली. तिने कोण कुठल्या खाटेवर होतं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. 

"मी स्वतः जाते," ती म्हणाली. "दोघांचं रक्त मीच घेते."

आम्ही दोघी सोफ्यावर बसून राहिलो. काकीला आता कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर एकदा उजेड यायचा आणि माझ्याकडे नजर गेली की ती तो पुसून टाकायची. कालची मी तिच्या जागी आणि ती माझ्या. तिने माझा हात धरून ठेवला, याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे. शेवटी ती उठली आणि दोघांसाठी डबा भरायला लागली, बाबांच्या डब्यात तिने मऊ भात भरला.

रिपोर्ट यायच्या आधी बाबांचाच कॉल आला. मला खोकला आलाय जरा, म्हणाले. थोडं बोलून थांबायचे, पुन्हा बोलायचे. बाळ कसा आहे, विचारलं. मी म्हटलं, काका एकदम ठणठणीत आहे, बाबा, त्याला काही झालेलं नाही. ते केवढे खूश झाले. मग म्हणाले, "मी म्हटलं होतंच." आणि कॉल कट झाला.

नवे रिपोर्ट आले तेव्हा आदल्या दिवशी काकाच्या नावावर आलेले आकडे आता बाबांच्या नावावर होते आणि आणखी चढलेले. काकाचे साधे. डॉक्टरीणबाईने काकाला खाली आणून बाबांना वर नेलं तेव्हा बोटावरचा आकडाही घसरायला लागला होता. त्यानंतर सगळं भराभर होत गेलं. मास्क, मग मोठा मास्क, मग फोनवर फक्त डॉक्टर, बाबा नाहीत. त्या बाईने जे जे करता येईल ते केलं. आठवड्याभराने एका सकाळी तिने फोन केला, माझं नाव घेतलं आणि थांबली, त्यावरूनच मला कळलं.

मी नंतर तिला एकदाच विचारलं, एक दिवस आधी कळलं असतं तर? तिने खोटा धीर दिला नाही. "सांगता येत नाही," म्हणाली. "कदाचित." मला वाटतं त्यापेक्षा तिने मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मला आजही धक्का बसतो तो मरणाचा नाही. मरण काय, त्या महिन्यात घरोघरी होतं. धक्का बसतो तो हा की बाबा मोसंबं सोलत होते, पोह्यांना नावं ठेवत होते, शेजारच्या रडणाऱ्या माणसाला फोड देऊ करत होते, आणि त्यांच्या रक्ताला तेव्हाच सगळं माहीत होतं. ते रक्त खोटं बोललं नाही. त्याने दुपारीच सांगितलं होतं की हा माणूस पडणार आहे, धावा. आम्ही धावलो पण. दुसऱ्याच माणसाकडे. मला भांडायचं होतं, पण कुणाशी भांडू? वाफ धरलेल्या चष्म्यातून शेकडो बाटल्या भरणाऱ्याशी? त्या नर्सशी? बाबांशी भांडायचं तर ते नव्हते.

काका घरी आला तेव्हा हॉलमध्ये बाबांची जागा मोकळी होती. पथारीची वळकटी शू-रॅकवर तशीच. काकीने आत पलंगावर स्वच्छ चादर घातली होती. काका चहा प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली, माझ्याकडे बघणं टाळत राहिला. जेवण झालं आणि तो उठून शू-रॅकपाशी गेला. वळकटी काढली, दारापाशी सोडली, हाताने सारखी केली. काकी म्हणाली, अहो, अजून अशक्तपणा आहे, दारातला वारा लागेल. तो ऐकेना.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. 

"ती खाट माझी होती गो," तो म्हणाला. "दारातसून इलेला दादान आपल्या आंगावर घेतल्यान."

माझ्या जिभेवर सगळं आलं. की काका, दारातून काही आलं नव्हतं. आजार बाबांच्या रक्तात होता, ते कुठल्याही खाटेवर झोपले असते तरी होता. ते आपल्या जागी, भिंतीकडे झोपले असते तर त्यांच्या नावाने रिपोर्ट आला असता आणि वरची खाट त्यांना मिळाली असती. त्यांनी तुझं काही घेतलं नाही, काका. त्यांनी फक्त स्वतःचा एक दिवस घालवला. आयुष्यभर मी माणसांची चूक तोंडावर सांगत आले, सेक्रेटरीलासुद्धा सोडलं नाही.

"हो काका," मी म्हटलं.

त्याने डोळे पुसले आणि आडवा झाला, बाबा व्हायचे तसाच, कुशीवर, पाय लांब करून. काकी आत गेली. मला खाली मेडिकलमधून त्याच्या गोळ्या आणायच्या होत्या, तेवढं करून मी वर आले, किल्ली फिरवली, दार किलकिलं केलं आणि तिथेच उभी राहिले. फटीतून ते दोन तळवे दिसत होते.

"काका, पाय," मी म्हटलं.

त्याने पाय आखडून घेतले.